कापसाला खळे नसते : दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील परभणी आणि आपला समाज

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि हे ठिकाण देशभर चर्चेत आले. त्या घटनेवर पुष्कळ लिहून झाले आहे. या लेखात त्याच स्थानकाचा शंभर वर्षांपूर्वीचा काळ पाहायचा आहे. तेव्हा या रुळांवरून परभणीचा कापूस बाहेर जात होता आणि बाहेरून एक नवा विचार आत येत होता. यातल्या कोणत्या गोष्टीने आपल्या पणजोबांचे जगणे बदलले, हे समजून घेणे आजच्या तरुणांसाठी गरजेचे आहे.

निजामकाळ म्हटले की आपल्याला रझाकार आणि १९४८ ची पोलीस कारवाई आठवते. पण त्याआधी, पहिले महायुद्ध संपले ते १९१८ साल आणि दुसरे सुरू झाले ते १९३९ साल, या एकवीस वर्षांत गावगाड्याचा हिशेब आतून बदलत होता. त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

तेव्हाचा परभणी जिल्हा

परभणी हा हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद सुभ्यातला जिल्हा होता. आजचा हिंगोली जिल्हा त्यातच होता. तो १९९९ मध्ये वेगळा झाला. आज जालना जिल्ह्यात असलेले परतूरही तेव्हा परभणीत होते. गावात बोली मराठी, कचेरीत भाषा उर्दू, कागदावर फसली साल आणि बाजारात हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया ‘कलदार’. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. मुंबईला किंवा मनमाडला जाऊन चार पैसे कमावणाऱ्या माणसाचा रुपया गावी आल्यावर थोडा मोठा होत असे.

कचेरीची भाषा वेगळी असणे ही साधी गोष्ट नव्हती. जमिनीचा कागद, कर्जाचा कागद, तक्रारीचा अर्ज, सगळे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. ज्याला शाळेचे दारच बंद, त्याच्यासाठी तर हा दुहेरी अंधार होता.

बलुते कसे चालायचे

तेव्हाचे महार, म्हणजे आजचा आपला बहुसंख्य बौद्ध समाज, गावकामगार होते. वेशीवर पहारा, सरकारी टपाल आणि ओझी पुढच्या गावी पोहोचवणे, पाटलाबरोबर वसुलीला फिरणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, मयताचा सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे. यातले काम सरकारचेही होते आणि साऱ्या गावाचेही. कामाला वेळ नाही, नकार नाही. मोबदला म्हणजे हाडोळ्याची थोडी इनाम जमीन, सणावाराला मागून आणलेले अन्न आणि सुगीला खळ्यावरचे बलुते.

महारांचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले, अशी जुनी आख्यायिका आहे. हे ‘हक्क’ काय होते ते मात्र नीट पाहावे. बहुतेक हक्क म्हणजे दुसऱ्याच्या दारातून, खळ्यातून किंवा मढ्यावरून काही उचलण्याची परवानगी. बाबासाहेबांनी वतनाला विरोध केला तो याच कारणाने. वतन माणसाला पोटापुरते देत नाही आणि गाव सोडूनही जाऊ देत नाही. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, आणि झाले असते तरी निजामाच्या हद्दीत लागू झाले नसते.

कापूस आला, खळे आटले

हैदराबाद–मनमाड हा मीटर गेजचा मार्ग १९०० मध्ये सुरू झाला. पुढे पूर्णेहून हिंगोलीला फाटा गेला. मालगाडी आली तशी परभणी, सेलू, मानवत, हिंगोली ही कापसाची पेठ झाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. परभणी-नांदेडचा ‘गावरानी’ कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. संस्थान सरकारने १९१८ मध्ये परभणीला शेतीचे मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू केले. आजच्या कृषी विद्यापीठातील संशोधनाची मुळे तिथे आहेत. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. वरवर पाहता ही भरभराटच होती.

आता बलुत्याच्या बाजूने पाहा. ज्वारी काढली की कणसे खळ्यावर येतात, मळणी होते, रास पडते. त्या राशीपाशी बलुतेदार उभा राहतो आणि आपला वाटा मागतो. कापसाला खळे नसते. बोंड फुटले की वेचणी, वेचणीनंतर गाडी आणि गाडी थेट जिनाच्या दारात. पैसा येतो तो कुणब्याच्या कनवटीला किंवा सावकाराच्या वहीत. वाटा मागायला उभे राहावे अशी जागाच त्यात नाही. जितकी जमीन ज्वारीकडून कापसाकडे गेली, तितका बलुत्याचा पाया ठिसूळ झाला. काम मात्र कमी झाले नाही. वेस तीच, ओझे तेच, ढोरे तीच.

या बदलाचा सर्वांत मोठा भार बायकांवर पडला. वेचणी हे त्यांचे काम. मजुरी बऱ्याचदा वेचलेल्या कापसाच्या वाट्यात मिळायची. तो कापूस वाण्याच्या दुकानात नेऊन त्याच्या बदल्यात मीठ-मिरची, तेल घ्यायचे; भाव आणि माप दोन्ही दुकानदाराचे. म्हणजे घरात नवे पीक आले, पण पैसा आलाच असे नाही.

मंदीचा फटका

१९२९ च्या अखेरीस जगभर मंदी आली. पुढच्या दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानात कापसाचे भाव निम्म्यापर्यंत कोसळले. शेतसारा रोख भरायचा होता आणि कर्ज जुन्या भावाच्या हिशेबाने घेतलेले होते. छोट्या कुणब्याची जमीन सावकाराकडे जाऊ लागली. त्याने आपला तोटा पुढे ढकलला तो मजुरावर. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याच्याकडे गहाण टाकायला एकच गोष्ट उरली, स्वतःची वर्षभराची मेहनत. सालगडी राहायचे, आगाऊ घेतलेली उचल फेडता फेडता साल संपायचे आणि पुढच्या सालाची उचल घ्यायची. कर्जापोटी माणूस राबवून घेण्याच्या करारांवर मर्यादा घालणारा ‘भगेला’ कायदा संस्थानाला १९३६ मध्ये करावा लागला, यावरूनच ही प्रथा किती खोल गेली होती ते कळते.

रुळांनी काय दिले, काय दिले नाही

काही माणसे गाव सोडून निघाली. परभणीहून निघालेली गाडी मनमाडला संपायची. तिथे मोठ्या रुळांच्या जीआयपी रेल्वेत बसायचे आणि पुढे मुंबई. गिरणीत, गोदीत, रेल्वेत काम मिळे. तिथे वेसकराची काठी नव्हती, महिन्याला पगार होता. पण जात गाडीत बसून सोबत आली होती. मुंबईच्या गिरण्यांत जादा पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. रेल्वेत अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमनच राहत. त्याला पोर्टर केले जात नसे, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेत.

ही वस्तुस्थिती बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडलाच, अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत मांडली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले. परभणीचा कापूस आणि परभणीचा मजूर ज्या जंक्शनवर गाडी बदलत होते, त्याच जंक्शनवर हे विश्लेषण मांडले गेले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

विचार निजामाच्या हद्दीत

‘मूकनायक’ १९२० ला, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ला आणि ‘जनता’ १९३० ला निघाले. १९२७ च्या महाडच्या परिषदेने मृत मांस आणि ढोरे ओढण्याचे काम सोडण्याची हाक दिली. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. येवला मनमाडपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत जलशांनी विचार नेला.

निजामाच्या हद्दीत सभा घेणे सोपे नव्हते. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने परवानगीशिवाय जाहीर सभेला बंदी होती. अस्पृश्यतेचा अनुभव खुद्द बाबासाहेबांनी इथे घेतला. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना आणि सहकाऱ्यांना जमावाने घेरले होते. तरीही ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली आणि बाबासाहेब तिथे बोलले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवण्यात कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांच्याबरोबर या परिषदेचेही नाव घेतले जाते.

याच सुमारास, १९३७ मध्ये, परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. नागरी हक्क आणि मराठी भाषा हे तिचे विषय होते. ते महत्त्वाचेच होते. पण वेशीबाहेरच्या माणसाला आधी वेशीच्या आत माणूस म्हणून यायचे होते. त्याचा लढा दुहेरी होता.

यातून आज काय घ्यायचे

पीक बदलले, रेल्वे आली, कारखाना आला की जात आपोआप सैल होते, असे अनेकांना वाटते. परभणीचा अनुभव वेगळे सांगतो. बाजाराने बलुत्याचा मोबदला कमी केला, पण बलुत्याचे काम संपवले नाही. काम नाकारण्याचे बळ आले ते विचारातून आणि संघटनेतून. ज्यांनी ढोरे ओढणे सोडले त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सोडले. गावाचा बहिष्कार, बंद झालेली भाकर आणि उपाशी लेकरे पाहूनही ते मागे फिरले नाहीत. स्वाभिमान त्यांना परवडत नव्हता, तरी त्यांनी तो घेतला.

आज कापसाच्या जागी सोयाबीन आहे, सालगड्याच्या उचलीच्या जागी ऊसतोडीची उचल आहे आणि मनमाडच्या गाडीच्या जागी पुण्याची बस आहे. विकासाची आकडेवारी वाचताना जुनाच प्रश्न विचारत राहू : रास कोणाची आणि तिच्यापाशी उभे राहण्याचा हक्क कोणाला?

तरुणांना एक विनंती. आपल्या गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांपाशी बसा. त्यांच्या आईवडिलांनी काय सांगितले ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. हाडोळ्याची जमीन कुठे होती आणि कोणाकडे गेली? ढोरे ओढणे कोणत्या साली थांबले आणि गावाने काय केले? मुंबईला पहिल्यांदा कोण गेले? पहिली चिठ्ठी कोणी वाचली? घरात उर्दू किंवा मोडीतला जुना कागद असेल तर तो जपा, जाणकाराकडून वाचून घ्या. ही माणसे गेली की हा इतिहासही त्यांच्याबरोबर जाईल. तो लिहिण्याचे काम आपले आहे.

जय भीम.