अफगाण विमान, निर्बंध आणि मदत

‘काबूलवर निर्बंध आहेत, मग तिथला माल मागवणे गुन्हा ठरतो काय?’ सुका मेवा आणि हिंगाच्या व्यापारातील आपल्या बांधवांना हा प्रश्न नेहमी पडतो. सरळ उत्तर देण्याआधी आम्ही अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय विमान कंपनीची, म्हणजे अरियानाची हकीकत सांगणार आहोत. निर्बंध कशावर असतात, कशावर नसतात आणि परदेशी मदत कुठवर पुरते, हे तिच्यावरून जितके स्पष्ट होते तितके ठरावांच्या भाषेवरून होत नाही.

या कंपनीचा जन्म मुंबईच्या मदतीने झाला, हे आज फार थोड्यांना माहीत असेल. १९५५ मध्ये अरियाना निघाली तेव्हा ५१ टक्के भाग अफगाण सरकारचा आणि ४९ टक्के मुंबईच्या इंडामेर कंपनीचा होता. पुढे दोनएक वर्षांतच हा ४९ टक्के भाग अमेरिकेच्या पॅन अमेरिकन या बड्या विमान कंपनीकडे गेला. पॅन अमेरिकनने तंत्रज्ञ पाठवले, अफगाण तरुणांना शिकवले आणि त्याचा खर्च अमेरिकन सरकारच्या विकास मदतीतून निघाला. त्याच मदतीतून कंदाहारला मोठा विमानतळ बांधला गेला. लांब पल्ल्याची विमाने इंधनासाठी तिथे उतरतील, असा हिशेब होता. विमानतळ तयार होईतो जेट विमाने आली आणि ती न थांबता वरूनच निघून जाऊ लागली. बाजार बदलला की मदतीचा हिशेब कसा चुकतो, याचा हा जुना दाखला. (डिसेंबर १९९९ मध्ये आपले अपहृत विमान उभे होते ते याच धावपट्टीवर.)

ज्या अमेरिकेने ही कंपनी उभी करायला पैसा दिला, तिच्याच आग्रहाने पुढे तिचे पंख बांधले गेले. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकन वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले. ओसामा बिन लादेनला हवाली करण्यास तालिबानने नकार दिला. त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५ ऑक्टोबर १९९९ रोजी १२६७ क्रमांकाचा ठराव केला. तालिबानच्या मालकीच्या किंवा त्यांच्यासाठी चालणाऱ्या विमानांना कोणत्याही देशाने उतरू अथवा उडू देऊ नये आणि त्यांचा पैसा गोठवावा, असा हुकूम १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. डिसेंबर २००० च्या १३३३ क्रमांकाच्या ठरावाने तर देशोदेशीच्या अरियाना कार्यालयांना टाळे लावायला सांगितले.

इथे व्यापाऱ्याने एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या ठरावांनी मेव्याच्या व्यापारावर बंदी घातली नव्हती. बंदी होती ती दुसऱ्या ठरावात, शस्त्रांवर आणि हेरॉइन बनवायला लागणाऱ्या एका रसायनावर. बदाम, मनुका, हिंग, गालिचा यांना कुणी हात लावला नव्हता. माल मोकळा होता, फक्त तो नेणारे विमान जमिनीवर होते. पण ताजी द्राक्षे आणि डाळिंबे पिकवणाऱ्याला हा फरक सांगून काय उपयोग? सुका माल ट्रकवर पंधरा दिवस काढतो, ओला माल सडतो.

विमान कंपनीचे नुकसान विमान थांबण्याने होते त्याहून जास्त पैसा अडकल्याने होते, असे आम्हाला वाटते. परदेशात विकलेल्या तिकिटाचा आणि भाड्याचा पैसा परदेशातच जमा होतो. तो गोठला की सुटे भाग घ्यायचे कशाने? विमा कोण देणार? आणि विम्याविना कुठला विमानतळ उतरू देईल?

ठरावात एक खिडकी मात्र ठेवली होती. माणुसकीच्या कारणासाठी, आणि त्यात हज यात्रेचे नाव घेऊन, परिषदेच्या समितीची आधी परवानगी काढून उड्डाण करता येत असे. म्हणजे काबूलच्या हाजीला जेद्दाहला जाण्यासाठी न्यूयॉर्कचा होकार हवा होता.

२००१ च्या बॉम्बवर्षावात कंपनीची बहुतेक विमाने जमिनीवरच नष्ट झाली. जानेवारी २००२ मध्ये १३८८ क्रमांकाच्या ठरावाने अरियानावरील बंदी उठली, पण उडवायला विमानेच उरली नव्हती. तेव्हा आपल्या देशाने एअर इंडियाची तीन एअरबस विमाने अरियानाला भेट दिली, सोबत आवश्यक सुटे भाग आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण दिले. पुढे काबूल विमानतळाची नवी इमारत जपानच्या अनुदानातून उभी राहिली.

ही मदत मोलाची होती यात शंका नाही. तरीही भेट मिळालेली विमाने वीस वर्षांच्या घरातली होती. जुने यंत्र फुकट मिळाले तरी त्याचे तेल आणि दुरुस्ती फुकट मिळत नाही, हे आपल्या मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांना वेगळे सांगायला नको. २००६ मध्ये युरोपीय संघाने सुरक्षेच्या कारणावरून अरियानावर बंधने घातली आणि २०१० मध्ये सर्वच अफगाण विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत मनाई केली. हा निर्बंध राजकीय नव्हता, तो देखभाल आणि तपासणीच्या कच्चेपणाचा होता. असा निर्बंध ठरावाने उठत नाही.

व्यापाराला खरा उपयोग झाला तो २०१७ मध्ये. पाकिस्तान अफगाण माल वाघ्यापर्यंत येऊ देत असे, पण भारताचा माल त्याच वाटेने अफगाणिस्तानात जाऊ देत नसे. म्हणून दोन्ही सरकारांनी हवाई मालवाहतुकीचा मार्ग काढला. जून २०१७ मध्ये काबूलहून दिल्लीला आलेल्या पहिल्या विमानात ६० टन माल होता आणि त्यात मुख्यतः हिंग होता. त्याच वर्षी डिसेंबरात काबूल-मुंबई मार्गही सुरू झाला. कच्चा हिंग अफगाणिस्तान आणि इराणकडून येतो आणि इथे त्यात डिंक व पीठ मिसळून बांधणीचा हिंग तयार होतो. त्या एका विमानामागे इथल्या कितीतरी कारागिरांची रोजी होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले. अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेत गोठले. १९९९ सारखी विमानबंदी या वेळी आली नाही, अडचण बँकेत आली. डिसेंबर २०२१ च्या २६१५ क्रमांकाच्या ठरावाने माणुसकीच्या मदतीला सूट दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकन अर्थखात्याने अफगाणिस्तानशी साध्या व्यापारालाही सर्वसाधारण परवाना दिला. तरी बँका कचरतात. एका व्यवहाराच्या दलालीसाठी दंडाची जोखीम कोण घेईल, असा त्यांचा हिशेब. खुद्द संयुक्त राष्ट्रांना मदतकार्यासाठी रोख डॉलर विमानाने काबूलला न्यावे लागले, यावरून काय ते समजावे.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. मेवा किंवा हिंग मागवणे हा निर्बंधाचा भंग नाही. भंग होऊ शकतो तो पैसा कुणाच्या हाती जातो यावरून. समोरच्या पेढीचे आणि तिच्या मालकाचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाही, हे सौदा ठरवण्याआधी तपासावे. आपल्या बँकेला विचारूनच विमानात जागा धरावी, नंतर नव्हे. बँक टाळाटाळ करते म्हणून हवाल्याची वाट धरू नये. ती आपल्या कायद्यात बेकायदा आहे. शिवाय आयातीच्या बिल ऑफ एन्ट्रीशी जुळणारा बँकेचा कागद नसेल तर माल सचोटीचा असूनही जाब द्यावा लागतो. बँकेचा नकार आला तर तो लेखी मागावा आणि दुसऱ्या बँकेकडे जाताना सोबत ठेवावा.