परक्या धुराने पिवळी पडलेली राने



नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक कोकणात झाली. तेथील एका बागायतदार तात्यांनी मला आपली माडाची बाग दाखविली. खालच्या जुन्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या, शेंड्याच्या मात्र हिरव्या होत्या. मी नवा आणि उत्साही. "तात्या, नत्र कमी पडले आहे. युरिया द्या," असे सांगून मोकळा झालो. पुढल्या वर्षी बाग अधिकच पिवळी झाली. मग एका जाणत्या मृदाशास्त्रज्ञाने माती तपासली. जांभ्याची आम्ल जमीन, वर कोकणातला पाऊस. मॅग्नेशियम धुवून गेले होते, आणि माझ्या युरियाने आम्लतेत भरच घातली होती. दर माडाला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट सुरू केले, तेव्हा कुठे नव्या झावळ्या हिरव्या राहू लागल्या.

तात्यांनी मला बोल लावला नाही. प्रत्येक माडाच्या बुंध्यावर त्यांनी चुन्याने आकडा घातला आणि कोणत्या माडाच्या किती झावळ्या पिवळ्या याची वही सुरू केली.

पुढे वाचनात आले की जुने पान पिवळे आणि नवे हिरवे ही खूण १९८० च्या सुमारास जर्मनीच्या डोंगरांतील स्प्रूस या सूचीपर्णी झाडांवरही दिसली होती. तेथेही मॅग्नेशियमच गेले होते. पण ते काढून नेणारे आम्ल पावसातून येत होते, आणि पावसात ते धुरातून आले होते. हा धूर नेमका कोणाचा, हे ठरविण्यासाठी अनेक देशांना एकत्र बसून मोजमाप करावे लागले. त्याची ही हकीगत आहे.

खत मोजायला गेले, आम्ल सापडले

गोष्टीची सुरुवात शेतीपासूनच होते. स्वीडनमध्ये हान्स एग्नेर नावाचे मृदाशास्त्रज्ञ होते. पावसाबरोबर पिकाला किती खत फुकट मिळते, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी १९४८ मध्ये त्यांनी ठिकठिकाणी पावसाचे पाणी साठविण्याची भांडी मांडली. १९५० नंतर नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि पुढे इतर देशांतही अशीच भांडी मांडली गेली.

या भांड्यांतील वर्षानुवर्षांचे आकडे स्वान्ते ओडेन या दुसऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने एकत्र जुळविले. पाऊस दरवर्षी अधिक आंबट होत होता आणि आंबट पावसाचा पट्टाही पसरत चालला होता. स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो. येथे तो साडेचारच्याही खाली उतरला होता. सामू एकने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढली, हे आपण माती परीक्षणाच्या अहवालावरून जाणताच. ओडेन यांनी १९६७ मध्ये एका दैनिकात लेख लिहून सांगितले की हे आम्ल आपल्या देशातले नाही. ते इंग्लंडच्या आणि मध्य युरोपच्या कोळशाच्या चिमण्यांतून येते आणि आपल्या तळ्यांतले मासे मारते.

कोळशात गंधक असते. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड होतो, हवेतील ओलाव्यात त्याचे गंधकाम्ल होते आणि पावसाबरोबर ते जमिनीवर उतरते. जवळच्या गावाला त्रास नको म्हणून त्या काळी चिमण्या उंच केल्या गेल्या. त्याने गावाचा त्रास कमी झाला, पण धूर वाऱ्यावर बसून सरहद्द ओलांडू लागला. बांधावरचा कचरा शेजाऱ्याच्या वावरात लोटण्यातलाच हा प्रकार!

१९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली, तेथे स्वीडनने ही तक्रार मांडली. ती कोणी सहजासहजी कबूल केली नाही. मग अकरा देशांनी मिळून एकाच पद्धतीने हवा आणि पाऊस मोजला. १९७७ मध्ये अहवाल आला आणि परक्या धुराची गोष्ट खरी ठरली. त्यानंतर १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सरहद्दीपार जाणाऱ्या प्रदूषणाविषयी करार झाला. त्या वेळी युरोपचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तट पडलेले होते, एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखलेली होती. तरी या कागदावर दोन्ही तटांच्या सह्या झाल्या. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

झाडांची आणेवारी

तोवर जंगले बोलू लागली होती. झेकोस्लोव्हाकिया, पोलंड आणि पूर्व जर्मनी यांच्या सीमा जेथे मिळतात तेथे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा जाळणारी वीजकेंद्रे होती. तेथील डोंगरमाथ्यांवर हजारो हेक्टर स्प्रूस उभ्याने वाळला. त्या भागाला 'काळा त्रिकोण' असे नावच पडले. पश्चिम जर्मनीत ग्यॉटिंगेनचे बर्नहार्ड उलरिख यांनी जमिनीतली बाजू दाखविली. आम्लामुळे मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुवून जाते आणि मातीतच बांधलेले ॲल्युमिनियम मोकळे होऊन कोवळ्या मुळ्यांना विष ठरते. झाड वरून पिवळे दिसते, पण खरी मार मुळाला बसलेली असते.

किती जंगल आजारी आहे, याचे मात्र प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे येई. आपल्याकडे आणेवारीच्या वेळी काय होते ते आठवा. तलाठ्याला दिसलेले पीक आणि शेतकऱ्याला दिसलेले पीक यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. झाडाचेही तसेच. म्हणून १९८५ मध्ये जिनिव्हा कराराखाली वनांची संयुक्त पाहणी सुरू झाली. युरोपच्या नकाशावर सोळा-सोळा किलोमीटरच्या चौकटी आखल्या. चौकटीच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे जंगल असेल, तर तेथील ठरावीक झाडे कायमची निवडली.

दर उन्हाळ्यात पाहणारे तेथे जातात. दुर्बीण लावून झाडाचा शेंडा न्याहाळतात आणि निरोगी झाडाच्या मानाने किती पाने कमी आहेत, ते पाच-पाच टक्क्यांच्या पायरीने लिहितात. पंचवीस टक्क्यांहून अधिक पाने गेलेली असली तर झाड बाधित धरतात. माणसाची नजर सारखी नसते, म्हणून निरनिराळ्या देशांतील पाहणाऱ्यांना एकत्र आणून त्याच त्या झाडांपुढे उभे करतात आणि प्रत्येकाचा आकडा पडताळून नजर जुळवून घेतात. आज चाळीसहून अधिक देश या कामात आहेत. वर्षाला एक लाखावर झाडे पाहिली जातात आणि हा सगळा हिशेब जर्मनीत एबर्सवाल्डे येथील संस्थेत एकत्र होतो. काही शे निवडक ठिकाणी याहून बारीक काम चालते. झाडाखाली पडणारे पाणी, पानांतली अन्नद्रव्ये, माती आणि मुरून खाली जाणारे पाणी, सगळे तपासले जाते.

त्याच १९८५ साली गंधकाचा धूर तीस टक्क्यांनी उतरविण्याचा करार हेलसिंकीत झाला. ब्रिटनने आणि पोलंडने त्यावर सही केली नाही. पण पुढे १९९४ चा ऑस्लोचा आणि १९९९ चा गोथेनबर्गचा करार झाला, वीजकेंद्रांत धूर चुन्याने धुण्याची यंत्रे बसली, जुनी केंद्रे बंद झाली. युरोपात गंधकाचा धूर १९८० च्या मानाने आज चार-पंचमांशाहून अधिक उतरला आहे.

सगळी जंगले मरतील असे भाकीत त्या काळी केले गेले होते. ते खरे झाले नाही. काही शास्त्रज्ञांनी आणि वर्तमानपत्रांनी अंमळ अतिशयोक्ती केली होती, हेही मान्य करावयास हवे. पण मातीचे दुखणे अजून सरलेले नाही. जर्मनीत हेलिकॉप्टरमधून जंगलावर हेक्टरी तीन टनांच्या आसपास डोलोमाइटचा चुना टाकतात, कारण त्यात मॅग्नेशियमही असते. आणि गंमत पाहा, हवेतले गंधक कमी होताच तेथील मोहरीवर्गीय तेलबियांना गंधक कमी पडू लागले. आता शेतकऱ्याला ते विकत घेऊन घालावे लागते!

गंधक गेले, ऊन आले

मोजणी चालू होती म्हणूनच पुढचे संकट लवकर नजरेत आले. २०१८ पासून तीन वर्षे मध्य युरोपात कडक उन्हाळे आणि अवर्षण पडले. स्प्रूसच्या सालीखाली राहणारा एक भुंगेरा आहे, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा. धडधाकट झाड त्याला राळेत बुडवून मारते. पण तहानलेल्या झाडाला राळ सुटत नाही. त्यातून ऊन वाढले की भुंगेऱ्याच्या वर्षाला दोनऐवजी तीन पिढ्या होतात. जर्मन सरकारच्या २०२१ च्या अंदाजानुसार तेवढ्या तीन वर्षांत पावणेतीन लाख हेक्टरांच्या आसपास जंगल पुन्हा लावावे लागणार होते. यात जुनी चूकही आहे. सपाटीच्या, उबदार जागीही पैशासाठी एकटा स्प्रूसच लावला गेला होता. एकच पीक सलग घेतल्यावर कीड कशी मोकाट सुटते, ते कापूस पिकविणाऱ्यांना मी वेगळे सांगावयास नको.

दुसरे दुखणे आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. गंधक उतरले, पण नत्र तितके उतरले नाही. त्यातला मोठा वाटा गोठ्यांतून आणि खतांतून उडणाऱ्या अमोनियाचा. तो रानात उतरला की झाड जोमाने वाढते, पण इतर अन्नद्रव्ये अपुरी पडतात आणि माती पुन्हा आंबट होते. नेदरलँड्समध्ये २०१९ च्या मे महिन्यात न्यायालयाने सरकारची नत्र-योजना रद्द केली. जनावरांची संख्या कमी करण्याची भाषा निघाली आणि ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर गेले. धूर कारखान्याचा होता तेव्हा बोट दाखविणे सोपे होते. गोठ्याकडे बोट वळले की घरातच भांडण लागते. त्या शेतकऱ्यांचा राग मला समजतो. बँकेने, सरकारने आणि बाजाराने मिळून त्यांना गोठे मोठे करावयास लावले होते. पण मोजलेले आकडेही खोटे नव्हते.

आपल्याकडे युरिया उघड्या ओल्या जमिनीवर फेकून तसाच ठेवला, तर त्यातील नत्राचा काही भाग असाच उडून जातो. कोळपून मातीआड करा. पैसा तरी वाचेल.

आपल्या देशात हवेतील धुळीत चुन्याचा अंश असतो, त्यामुळे पावसातील आम्ल बरेचसे मारले जाते. पुणे, नागपूर अशा काही ठिकाणी पावसाचे पाणी अनेक दशके तपासले जात आहे. यांपैकी बऱ्याच ठिकाणी सामू हळूहळू उतरताना दिसला आहे. युरोपचे पाहून १९९८ मध्ये मालदीवच्या माले शहरी भारतासह आठ देशांनी सरहद्दीपारच्या प्रदूषणाविषयी जाहीरनामा केला. त्यात मोजमापाची भाषा आहे. धूर अमुक टक्के उतरवू असे बंधन नाही.

गेल्या मे महिन्यात तात्यांकडे जाणे झाले. आता त्यांची सून बाग पाहते. तिने वही पुढे केली. पिवळ्या झावळ्यांचा रकाना गेली कित्येक वर्षे जवळजवळ रिकामा आहे. शेजारी तिने स्वतःच्या हाताने नवा रकाना आखला आहे, कडक उन्हात कोणत्या माडाची किती कोवळी फळे गळाली त्याचा. तो भरू लागला आहे.