हृदयावरणातील द्रवसंचय : निदान व उपचार

हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणात निरोगी अवस्थेत १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. तो सावकाश वाढल्यास आवरण ताणले जाऊन एक लिटरही सामावते. त्वरेने साठल्यास मात्र दीडदोनशे मिलिलिटरही प्राणघातक ठरतात. म्हणून द्रवाच्या परिमाणापेक्षा हृदयावरील दाबास महत्त्व अधिक.

कोल्हापूरपासून दूर, सह्याद्रीलगत असलेल्या आजऱ्यासारख्या गावी हा दाब प्रथम रक्तदाबमापकानेच ओळखावा लागतो. श्वास आत घेताना आकुंचनदाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरहून अधिक उतरणे, मानेतील शिरा फुगणे व हृदयध्वनी मंदावणे ही त्याची लक्षणे होत. यास साधी हृदयदुर्बलता समजून मूत्रल औषधे दिल्यास हृदयात येणारे रक्त घटून संकट वाढते. रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात हलवून, इकोकार्डिओग्राफीच्या साहाय्याने सुईवाटे द्रव काढणे हाच तातडीचा उपाय होय.

तथापि द्रव काढणे म्हणजे रोगमुक्ती नव्हे. भारतात याचे एक प्रमुख कारण क्षय असून त्यावर सहा महिन्यांची औषधयोजना करतात. पुढे आवरण कठीण होऊन हृदय आवळले गेल्यास ते शस्त्रक्रियेने काढावे लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतील १,४०० रुग्णांच्या अभ्यासात प्रेडनिसोलोनमुळे मृत्यू घटले नाहीत. आवळणीचे प्रमाण मात्र कमी झाले.