राजवाड्यासमोरचं हॉटेल

जानेवारी १९०८ मध्ये बेलग्रेडच्या तेराझिये चौकात एका विमा कंपनीच्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि त्यासाठी खुद्द सर्बियाचा राजा पहिला पेतार हजर राहिला. ‘रोसिया’ ही कंपनी सेंट पीटर्सबर्गची होती. इमारतीत कचेऱ्या होत्या, राहती घरं होती आणि एक हॉटेल होतं. आज ती सगळी इमारत हॉटेल मॉस्क्वा म्हणून ओळखली जाते. विम्याच्या हप्त्यांतून उभ्या राहिलेल्या इमारतीसाठी राजानं वेळ काढावा, याचं आज नवल वाटतं. पण बाल्कन शहरांच्या मध्यवस्तीतली जुनी, भारी हॉटेलं समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रकं या हॉटेलांबद्दल संगमरवर, झुंबरं आणि नामांकित पाहुणे यांच्यापलीकडे फारसं सांगत नाहीत. मुद्दा वेगळाच आहे. ही हॉटेलं प्रवाशांच्या सोयीसाठी होतीच, पण त्याहून अधिक ती नव्या राज्यांची गरज होती. संसद, राजवाडा, रेल्वे स्टेशन यांच्या बरोबरीनं ती राज्यकारभाराच्या सामग्रीचा भाग होती, आणि म्हणूनच पुढं प्रत्येक सत्तेनं त्यांच्यावर हात ठेवला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रदेशातला वाटसरू उतरायचा तो ‘हान’मध्ये. हान म्हणजे आपल्याकडच्या सराईचाच भाऊबंद. मधे अंगण, खाली जनावरं आणि माल, वर माणसं. सारायेव्होच्या जुन्या बाजारात मोरिचा हान अजून उभा आहे, तिथं ही रचना पाहता येते. व्यापाऱ्याला ती पुरेशी होती. पण १८७८ च्या बर्लिन काँग्रेसनं सर्बिया, रोमानिया आणि माँटेनेग्रोच्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि त्यानंतर या शहरांत वेगळ्या प्रकारची माणसं येऊ लागली: राजदूत, कर्ज देणाऱ्या बँकांचे प्रतिनिधी, रेल्वेचे ठेकेदार, वार्ताहर. १८८३ मध्ये ओरिएंट एक्सप्रेस सुरू झाली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस बेलग्रेड आणि सोफियामार्गे इस्तंबूलपर्यंत थेट रूळ पोचले. पॅरिसहून निघालेला माणूस चांदीच्या काट्या-चमच्यांनी जेवत जेवत येणार आणि स्टेशनाबाहेर पडल्यावर त्याला अंगणात खेचरं बांधलेली दिसणार, हे या राजधान्यांना परवडणारं नव्हतं. आपण उस्मानी अमलातून बाहेर पडलो आणि युरोपात दाखल झालो, हे भाषणातून सांगण्यापेक्षा पाहुण्याला गरम पाण्याचा नळ दाखवून सांगणं सोपं होतं. ग्रीस त्याआधीच स्वतंत्र झालेला असल्यानं अथेन्स यात पुढं होतं. राजवाड्यासमोर १८४२ मध्ये एका धनाढ्य व्यापाऱ्यानं बांधलेल्या हवेलीत १८७४ साली ‘ग्रँड ब्रेतान्य’ सुरू झालं. सारायेव्हो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेलं १८७८ मध्ये, आणि चारच वर्षांनी तिथं हॉटेल उघडलं. त्याचं नाव ‘एव्रोपा’, म्हणजे थेट युरोपच. झाग्रेबचं ‘एस्प्लनाद’ १९२५ चं, स्टेशनाच्या अगदी शेजारी. (आपल्याला बाल्कन म्हटलेलं झाग्रेबमध्ये अनेकांना रुचत नाही. पण ही अढीसुद्धा त्याच जुन्या धडपडीची खूण आहे.)

मॉस्क्वाच्या दर्शनी भागाकडे जरा थांबून पाहावं. इमारत चौकाच्या कोपऱ्यावर आहे. तिच्या एका अंगाला बाल्कान्स्का रस्ता उतरत जुन्या स्टेशनाकडे जातो. भिंती दगडाच्या किंवा गिलाव्याच्या दिसत नाहीत. फिकट पिवळसर आणि हिरव्या चकचकीत फरशांनी त्या मढवल्या आहेत आणि पाऊस पडून गेला की त्या धुतल्यासारख्या उजळतात. वास्तुरचनाकार योवान इल्किच, शैली त्या काळी व्हिएन्नात गाजत असलेली सेसेशन. आता या फरशा आल्या कुठून? हंगेरीतल्या पेच शहरातल्या झोल्नाय कारखान्यातून. आणि हे कधी? १९०६ पासून सर्बिया आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात जकातीवरून उभा वाद चालू होता. सर्बियाची मुख्य निर्यात डुकरांची, म्हणून इतिहासात त्याला ‘डुकरांचं युद्ध’ असंच नाव पडलं आहे. व्हिएन्नानं सीमा बंद करून शेजाऱ्याची कोंडी करायची, शेजाऱ्यानं दुसऱ्या बाजारपेठा शोधायच्या, आणि त्याच दिवसांत रशियन भांडवलानं राजधानीच्या ऐन मध्यात एवढी मोठी इमारत उभारायची, हा निव्वळ जमिनीचा व्यवहार असूच शकत नव्हता. आमच्या पाठीशी कोण आहे, ते बघा, असं तो चौक सांगत होता. राजा उद्घाटनाला का आला, याचं उत्तर यात आहे. आणि रशियाचा हा पाठिंबा शत्रूच्या देशातल्या फरशा आणि व्हिएन्नाची शैली अंगावर मिरवत उभा राहिला, यातून बाल्कन राजकारण जितकं उलगडतं तितकं एखाद्या जाड ग्रंथातूनही उलगडणार नाही.

राज्यानं उभी केलेली, किंवा निदान आशीर्वाद दिलेली वस्तू राज्य बदललं की नव्या धन्याकडे जाते. अथेन्सचं उदाहरण यात सगळ्यात ठसठशीत आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीनं ग्रीसवर हल्ला केला तेव्हा ग्रीक सैन्याचं मुख्यालय ग्रँड ब्रेतान्यमध्ये थाटलं गेलं. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरलं आणि त्याच दालनांत त्यांचं मुख्यालय बसलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मन गेले, तेव्हा ब्रिटिश अधिकारी आणि परत आलेलं ग्रीक सरकार तिथंच राहायला आलं. डिसेंबरात हॉटेलसमोरच्या सिंटाग्मा चौकात पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि शहरात डाव्या गनिमांशी लढाई जुंपली. ऐन नाताळात चर्चिल तडजोडीसाठी अथेन्समध्ये उतरले, आणि त्याच सुमारास हॉटेलखालच्या गटारात गनिमांनी पेरलेली स्फोटकं सापडली. गनिमांचा हिशेब चुकीचा नव्हता. सरकार उडवायचं तर हॉटेल उडवलं की पुरे. बुखारेस्टच्या अथेने पॅलेसची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९१४ मध्ये उघडलेलं हे हॉटेल राजवाड्याच्या चौकातच आहे. १९४० च्या उन्हाळ्यात, पॅरिस पडलं त्याच दिवशी, पत्रकार आर. जी. वाल्डेक तिथं राहायला आल्या आणि पुढं त्यांनी त्या मुक्कामावर हॉटेलच्याच नावाचं पुस्तक लिहिलं. रोमानिया तेव्हा तटस्थ होता, त्यामुळे ब्रिटिश आणि जर्मन एकाच लॉबीत वावरत. सप्टेंबरात राजा कारोल गादी सोडून गेला, तेही चौकापलीकडच्या राजवाड्यातून. कम्युनिस्ट राजवटीत हॉटेल सरकारजमा झालं आणि सेक्युरिताते या गुप्त पोलिसांनी खोल्याखोल्यांत कान पेरले. डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कू हेलिकॉप्टरनं पळाला तो याच चौकातल्या पक्ष कार्यालयाच्या गच्चीवरून, आणि पाठोपाठच्या गोळीबाराचे वण हॉटेलच्या भिंतीवरही उमटले.

यावर एक सरळ आक्षेप येतो. युद्धात मोठी हॉटेलं सगळीकडेच ताब्यात घेतली जातात. पॅरिसमध्येही जर्मन लष्करी गव्हर्नर म्युरिस हॉटेलातच बसला होता आणि जर्मन लष्करी हेरखातं ल्युतेशियात. मग यात बाल्कनचं वेगळेपण कोणतं? वेगळेपण आहे ते प्रमाणात. पॅरिसमध्ये म्युरिस नसतं तर दहा प्रासाद रिकामे होते. बेलग्रेड, अथेन्स, बुखारेस्ट या कालपर्यंत प्रांतिक गावं असलेल्या राजधान्यांत टेलिफोन, वाफेची ऊब, वीज आणि शंभरेक माणसांना जेवू घालणारं स्वयंपाकघर एका छपराखाली मिळेल अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्या सगळ्या एकाच चौकाच्या आसपास दाटलेल्या. शिवाय धनी बदलण्याचा वेग पाहा. मॉस्क्वा उघडलं तेव्हा ते सर्बियाच्या राज्यात होतं. मग १९१५ ते १९१८ ऑस्ट्रिया-हंगेरीचा ताबा, नंतर सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं संयुक्त राज्य, १९२९ पासून युगोस्लाव्हिया, १९४१ ते १९४४ जर्मन अंमल (तेव्हा गेस्टापोचं ठाणं या हॉटेलातच होतं), मग टिटोंचा समाजवादी युगोस्लाव्हिया, त्याची शकलं झाल्यावर उरलेला छोटा युगोस्लाव्हिया, २००३ मध्ये सर्बिया-माँटेनेग्रो आणि २००६ पासून नुसता सर्बिया. इमारत जागची हलली नाही, पण तिनं पाहिलेले झेंडे मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतील. पॅरिसच्या कोणत्याही हॉटेलाची ही हजेरी नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: ही सगळी श्रीमंतांची कथा, यात सामान्य नागरिक कुठं आहे? बुखारेस्टपुरतं तर हे नाकारताच येणार नाही. कम्युनिस्ट काळात अथेने पॅलेसमध्ये परदेशी पाहुण्याशी बोलणं हे साध्या रोमानियन माणसासाठी जोखमीचं काम होतं. पण बेलग्रेडची गोष्ट निराळी आहे, आणि तिचं कारण ‘काफाना’. काफाना हे सर्बियातलं कॉफी, मद्य आणि गप्पांचं ठिकाण, आणि शहराचं अर्धंअधिक सार्वजनिक आयुष्य तिथं घडत आलं आहे. मॉस्क्वानं हीच परंपरा तळमजल्यावर आणि बाहेरच्या फरसबंद जागेवर आणून बसवली. नाटककार ब्रानिस्लाव्ह नुशिच यांच्यासारखे लेखक तिथले नेहमीचे. वरची खोली परवडो न परवडो, खाली टेबल मिळत होतं आणि आजही मिळतं. १९७४ पासून तिथं ‘मॉस्क्वा श्नित’ नावाचा केक मिळतो. त्यात आंबट चेरी, बदाम, भरपूर क्रीम आणि अननसाचे तुकडे. चेरी घरची, अननस मात्र सर्बियाच्या हवेत उगवणारा नव्हे. १९६१ मध्ये अलिप्ततावादी देशांची पहिली परिषद बेलग्रेडमध्ये भरली होती, पंडित नेहरू तिला आले होते आणि आज नवीन बेलग्रेडमध्ये त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे दारं उघडी ठेवणाऱ्या त्या देशाच्या राजधानीत अननस केकवर येऊन बसला, यात मला तरी निव्वळ योगायोग दिसत नाही. वाढदिवसाला श्नित खायला मॉस्क्वात जाणाऱ्या कुटुंबाला हॉटेल परकं वाटत नाही. एखादी इमारत शहराच्या मालकीची आहे का, हे सातबाऱ्यावरून ठरवायचं की सवयीवरून, हा प्रश्न इथं सवयीच्या बाजूनं सुटतो.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा. ज्याला जुनं म्हणून भाडं लावलं जातं, ते जुनं आहे तरी का? ग्रँड ब्रेतान्यची मूळ हवेली १९५० च्या दशकात पाडली गेली. आज पाहुणा झोपतो ती बरीचशी त्यानंतरची इमारत. सारायेव्होच्या एव्रोपावर १९१४ मध्ये, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडच्या हत्येनंतर, मालक सर्ब म्हणून जमाव चालून गेला आणि हॉटेलची नासधूस झाली. १९९२ च्या वेढ्यात ते जळालं आणि २००८ मध्येच पुन्हा उघडलं. शिवाय भिंतीवरच्या पाहुण्यांच्या याद्या. आइन्स्टाइन, गॉर्की, हिचकॉक अशी नावं वाचून भारावून जाण्याआधी थोडा संशय धरावा, कारण अशी यादी काळासोबत वाढते, कमी होत नाही. एवढं मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही. विटा नव्या असतील, पण जागा तीच, काम तेच, आणि जाळपोळ झाल्यावर ते पुन्हा तिथंच उभं करावंसं वाटणं हाच पुरावा आहे. सारायेव्होतच याची उलटी बाजू दिसते. तिथलं पिवळ्या रंगाचं हॉलिडे इन १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं, म्हणजे जुनं मुळीच नव्हतं. तरीही एप्रिल १९९२ मध्ये शांततेसाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या सुटल्या त्या या हॉटेलातून, आणि वेढ्याच्या काळात जगभरचे वार्ताहर राहिले तेही तिथंच. फक्त दर्शनी खोल्यांना कुणी हात लावेना, कारण त्या बंदूकधाऱ्यांच्या माऱ्यात होत्या. सगळ्यांना मागची खोली हवी असायची.

सोफियात तर सत्ता आणि हॉटेल यांचं हे नातं दगडातच कोरून ठेवलं आहे. १९५० च्या दशकात बल्गेरियाच्या कम्युनिस्ट सरकारनं शहराच्या मध्यभागी ‘लार्गो’ हा स्टालिनकालीन थाटाचा इमारतसमूह उभारला. भांडवली ऐषारामाला शिव्या देणाऱ्या या राज्यकर्त्यांनीसुद्धा त्यात हॉटेल बाल्कन घातलंच, आणि तेही शासकीय कचेऱ्यांना चिकटून. आज त्याच इमारतीच्या दुसऱ्या भागात राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आहे. मधल्या अंगणात चौथ्या शतकातलं, विटांचं गोल सेंट जॉर्ज चर्च आणि रोमन सर्दिकाचे अवशेष आहेत. त्या अंगणात जायला हॉटेलचं पाहुणं असावं लागत नाही.

तेव्हा अशा हॉटेलात राहायचं की नाही, हा प्रश्न तारे मोजून सोडवू नये. गादी, न्याहारी, पोहण्याचा तलाव एवढंच हवं असेल तर शहराबाहेरचं नवं हॉटेल त्याच पैशात जास्त देईल आणि रात्री गाढ झोपही लागेल. जुन्या हॉटेलात पैसे मोजले जातात ते खिडकीचे. म्हणून खोली घ्यायचीच तर चौकाकडची घ्यावी, गोंगाटासकट. अंगणाकडच्या शांत खोलीसाठी तेच भाडं देण्यात अर्थ नाही. आणि भाडं झेपत नसेल तर तळमजल्यावर तासभर बसावं. कॉफी आणि श्नितच्या किमतीत तेराझियेचा तोच कोपरा मिळतो, आणि शेजारच्या टेबलांवर बेलग्रेडचेच लोक असतात.