घरोघरी परीक्षक

रात्रीचे जेवण लवकर आटोपते. ताटे स्वयंपाकघरात जातात, ओटा आवरण्याचे काम जाहिरातींच्या वेळेवर ढकलले जाते आणि घरातील तिन्ही पिढ्या दिवाणखान्यात गोळा होतात. एरवी क्रिकेट आणि मालिका यांवरून रिमोटसाठी होणारी ओढाताण त्या रात्री होत नाही. २००८ च्या उत्तरार्धात आणि २००९ च्या आरंभी महाराष्ट्रातील असंख्य घरांत हे दृश्य दिसत होते. निमित्त होते झी मराठीवरील 'सारेगमप लिटल चॅम्प्स' या स्पर्धेचे. गाण्याचा कान असलेली आणि नसलेली घरेही तिच्यात सारखीच का गुंतली, याचा शोध घेण्यासारखा आहे.

दूरचित्रवाणीला गाण्याच्या स्पर्धा नव्या नव्हत्या. १९९५ मध्ये झी टीव्हीवर सोनू निगमच्या सूत्रसंचालनाने 'सारेगम' सुरू झाले. दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'ने सुनिधी चौहानला पुढे आणले. मात्र या कार्यक्रमांत गुण देण्याचा अधिकार जाणकारांचा होता; घरचा प्रेक्षक केवळ श्रोता होता. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये 'पॉप आयडॉल' आले आणि निकालाची किल्ली प्रेक्षकांच्या हाती गेली. तीच पद्धत २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल'ने भारतात आणली आणि २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत विजेता झाला. श्रोता आता मतदार झाला होता.

या बदलातच व्यसनाचे मूळ आहे. ऐकलेले गाणे संपले की संपते; पण ज्याला आपण मत दिले, त्याचे पुढे काय झाले ही हुरहुर आठवडाभर पुरते. एखादा स्पर्धक धोक्याच्या रांगेत उभा राहिला की त्याला वाचविण्याची जबाबदारी जणू आपल्यावर येते. अशा एसएमएसला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडत. तरीही मोजूनमापून खर्च करणारे गृहस्थ त्या रात्री चार-चार संदेश पाठवीत.

मराठी घराला आणखी एका गोष्टीने बांधून ठेवले. या मंचावर नाट्यपद, भावगीत, अभंग, लावणी आणि नवे चित्रपटगीत एकाच रात्री ऐकायला मिळे. नाट्यपद लागले की आजोबा जुन्या गायकांच्या आठवणी सांगू लागत आणि नातवंडे चक्क ऐकून घेत. भावगीताचा पुढचा अंतरा आजीला पाठ असे. मोबाईलवरून मत पाठविण्याचे तंत्र मात्र नातवालाच अवगत. घरातील प्रत्येकाला काही ना काही भूमिका मिळाली. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक स्वरांच्या भाषेत गुण देत. 'नी' मिळाला की समाधान आणि 'वरचा सा' मिळाला की घरात टाळ्या! संगीत न शिकलेल्यालाही ही भाषा तत्काळ कळे.

अंतिम फेरीतील पाच मुलेही पाच गावांची होती. अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड. प्रत्येकाची गायकी वेगळी, त्यामुळे प्रत्येक घरात आवड वेगळी आणि वादही रंगतदार. ८ फेब्रुवारी २००९ रोजी कार्तिकी विजेती ठरली, तेव्हा ज्यांची लाडकी स्पर्धक मागे राहिली त्यांना घरचेच कुणी हरल्यासारखे वाटले.

या आनंदाला दुसरी बाजू आहे आणि ती आमच्याच घरात दिसली. तिन्हीसांजेला देवापुढे 'शुभंकरोती' म्हणणारी सात वर्षांची भाची एके दिवशी प्रार्थना संपताच वळून म्हणाली, "आजी, मला किती गुण?" आजीने कौतुकाने 'नी' दिला. "वरचा सा का नाही?" म्हणत मुलीचा चेहरा उतरला. पुढचे काही दिवस तिने मोठ्यांसमोर तोंडच उघडले नाही. आम्ही खेळ समजून जे करीत होतो, ते तिने मनावर घेतले होते.

मंचावरील मुलांवरचा ताण तर याहून मोठा असतो. २००८ मध्येच एका बंगाली वाहिनीवरील स्पर्धेत परीक्षकांचे कठोर बोल ऐकून एक किशोरवयीन मुलगी आजारी पडल्याची बातमी देशभर गाजली होती. पुढे कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. त्याच्या मिळकतीपैकी किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. चित्रीकरणाचे तास नियमांनी मोजता येतात. दिवाणखान्यातील शेऱ्यांना मात्र कोणताच नियम लागू नाही; ते भान घरच्यांनीच ठेवायचे असते.

ती पाच मुले मोठी झाली. २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात ती परीक्षणासाठी बसली, तेव्हा आपले वय किती वाढले हे अनेक प्रेक्षकांच्या ध्यानी आले. दरम्यान, घराघरांतील चित्रही पालटले. आता ज्याचा त्याचा फोन, ज्याचे त्याचे गाणे. एका पडद्यासमोर बसून आजोबांनी आणि नातवाने एकाच तानेला दाद द्यावी, हा योग दुर्मीळ झाला. स्पर्धेच्या नादाने का होईना, तेव्हा तो आठवड्यातून दोनदा येत असे. म्हणूनच त्या व्यसनाला सरसकट दोष देववत नाही.

आमच्या घरापुरता तोडगा आजीनेच काढला होता. भाची पुन्हा गाऊ लागली, तेव्हा गुण विचारण्याआधीच आजी म्हणाली, "छान लागला गं सूर. अजून एकदा म्हण, आणि मी पण म्हणते तुझ्याबरोबर."