साधं की पॉवर? प्रीमियम पेट्रोलची तेवीस वर्षं

1 एप्रिल 2002 रोजी पेट्रोल-डिझेलचे दर सरकारने ठरवायची जुनी पद्धत निदान कागदावर तरी संपली. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, तोच भारत पेट्रोलियमचं 'स्पीड', हिंदुस्थान पेट्रोलियमचं 'पॉवर' आणि इंडियन ऑइलचं 'एक्स्ट्रा प्रीमियम' पंपांवर दिसू लागलं. तोवर पेट्रोल म्हणजे पेट्रोल होतं. माप कुठे नीट मिळतं आणि भेसळ कुठे नसते, एवढंच बघून लोक पंप निवडायचे. वर कंपनीचा बोर्ड कुठला आहे याला महत्त्व नव्हतं. आणि ते योग्यच होतं, कारण तिन्ही सरकारी कंपन्या एकमेकींच्या रिफायनऱ्यांतून माल उचलत. वेगळेपण विकायचं तर टाकीत वेगळं काहीतरी ओतणं भागच होतं.

ते वेगळं म्हणजे ॲडिटिव्ह. साध्या पेट्रोलमध्ये थोडं साफसफाईचं रसायन, जे कार्बोरेटर, इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी धरू देत नाही. दावा खोटा नव्हता, पण बेताचा होता. जाहिरात मात्र बेताची नव्हती. 'स्पीड'च्या जाहिरातींत शर्यतीच्या मोटारी चालवणारा नारायण कार्तिकेयन होता आणि रांगेत उभी होती स्प्लेंडर, जिचा मालक ऑफिस गाठायच्या घाईत होता. पंपावरचा पोरगा झिरो दाखवता दाखवता विचारायचा, "पॉवर टाकू ना साहेब? पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं." याने काय होतं असं कोणी खोदून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "ऑक्टेन जास्त असतो."

ऑक्टेन या शब्दाचं आपल्याकडे जेवढं पीक निघालं, तेवढं त्याच्या अर्थाचं निघालं नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. ही ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक पेटलं, तर इंजिनात टकटक ऐकू येते. खंबाटकी घाटाच्या चढावर वरच्या गिअरमध्येच गाडी रेटणाऱ्यांच्या कानांना ती ओळखीची असेल. असं आपसूक पेटण्याला पेट्रोल किती विरोध करतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन. त्यात जास्तीची ताकद नसते. इंजिनच जास्त दाबाचं असेल तर हा विरोध कामाला येतो. नसेल तर येत नाही. त्या काळच्या स्प्लेंडरचं कॉम्प्रेशन नवास एक. तिला 97 ऑक्टेन पाजला काय आणि 91 पाजला काय, तिच्या गावीही नसे.

शिवाय पोऱ्याचं ते ठरलेलं उत्तर बहुतेक वेळा खरंही नव्हतं. प्रदूषणाचा भारत स्टेज तीन हा नियम देशभर लागू झाल्यावर साधं पेट्रोल 88 वरून 91 ऑक्टेनचं झालं. 'पॉवर' आणि 'एक्स्ट्रा प्रीमियम' यांचाही ऑक्टेन तेवढाच, 91. खरंच जास्त ऑक्टेनचं 'स्पीड 97' वेगळं होतं आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवरच मिळायचं. म्हणजे कितीतरी वर्षं लोक ऑक्टेन समजून साबण विकत घेत होते.

हा माल एवढ्या जोरात पुढे का केला जात होता, हे त्या काळच्या दरांत दडलं आहे. 2004 नंतर कच्चं तेल चढत गेलं. साध्या पेट्रोलचे दर सरकारने पुन्हा अडवून धरले आणि कंपन्या प्रत्येक लिटरमागे तोटा सोसू लागल्या. ब्रँडेड पेट्रोलचा दर मात्र त्यांच्या हातात होता. तेव्हा "साधं संपलंय, पॉवर आहे" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, असा गाडीवाला विरळाच. पुढे ब्रँडेडवर साध्यापेक्षा जास्त अबकारी कर बसला, दोन्हींतली दरी वाढली आणि गिऱ्हाईक साध्याकडे परतलं. 2014 च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात ब्रँडेड पेट्रोलवरचा मूळ अबकारी कर लिटरला 7.50 रुपयांवरून 2.35 रुपयांवर आला, तेव्हा कुठे हा धंदा सावरला.

मधल्या काळात एक खरा बदलही झाला होता. रस्त्यावर जास्त दाबाची इंजिनं आली. चाकणला तयार होणारी केटीएम 390 ड्यूक 2013 मध्ये बाजारात उतरली. तिचं कॉम्प्रेशन साडेबाराच्या पुढे. मग टर्बो बसवलेल्या छोट्या मोटारी आल्या. या मोटारींच्या इंजिनांत नॉक सेन्सर असतो. त्याला टकटक सुरू होते आहे असं दिसलं, की इंजिनचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडून इंजिन वाचवतो आणि त्यात थोडी ताकद जाते. चांगला ऑक्टेन मिळाला तर ती ताकद परत मिळते. किती, याचं उत्तर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या चाचण्यांत आहे. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांना प्रीमियमचा काहीच फायदा नाही, असं त्यांना 2016 मध्ये आढळलं. तरीही अमेरिकी लोकांनी वर्षभरात त्यावर 2.1 अब्ज डॉलर उधळले, असा त्यांचाच अंदाज होता. पुढच्या वर्षी त्यांनी प्रीमियमची शिफारस असलेल्या गाड्या तपासल्या. तिथे मायलेज सरासरी 2.7 टक्के वाढलं आणि ताकद 1.4 टक्के. गाडीला प्रीमियमची शिफारस असतानाही एवढंच.

1 डिसेंबर 2020 रोजी इंडियन ऑइलने 'एक्सपी 100' आणलं. शंभर ऑक्टेन, मथुरा रिफायनरीत स्वदेशी तंत्राने बनवलेलं, आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे. दिल्लीत साधं पेट्रोल ऐंशीच्या थोडं वर होतं, हे 160 रुपये. सुपरबाइकवाल्यांनी ते घेतलं, त्यात नवल नाही. बाकीच्यांना शंभरीचा धक्का वेगळ्या वाटेने बसायचा होता. 2021 च्या फेब्रुवारीत परभणीत नेहमीच्या प्रीमियम पेट्रोलने शंभर रुपये ओलांडले. मनमाडच्या डेपोपासून लांब असल्यामुळे परभणीला पेट्रोलची महागाई तशी नवी नव्हती. काही शहरांत तर जुन्या मशीनवर तीन आकडी दर बसेना, म्हणून विक्री थांबवावी लागली. 29 मे रोजी मुंबईत साध्यानेही शंभरी गाठली आणि प्रीमियमची ऐट थोडी उतरली.

मग इथेनॉल आलं आणि सगळे हिशेब उलटेपालटे झाले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या घरात. वीस टक्के मिसळल्यावर (हेच ई-20) साधं पेट्रोलच 95 ऑक्टेनचं झालं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. एव्हाना नेहमीचं प्रीमियमही 95 ऑक्टेनचं झालं होतं. म्हणजे ज्या आकड्यासाठी लोक जादा पैसे मोजत होते, तो आता साध्यात फुकट मिळतो. मात्र इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. जुन्या, ई-20 साठी न बनलेल्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. ऑक्टेन वाढला आणि ॲव्हरेज घटलं, या एका गोष्टीने पंपावरच्या वीस वर्षांच्या शिकवणीवर बोळा फिरवला.

आज 95 च्या प्रीमियमचं काय उरलं? इथेनॉल त्यातही असतं. साध्याशी फरक पुन्हा ॲडिटिव्हचा, 2002 सारखाच. 2025 च्या दरांनी मुंबईत साधं 103-104 आणि हे सात-आठ रुपयांनी महाग धरलं, तर 45 चं ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरने 48 दिलं तरच पैसे वसूल. इंजिन धुऊन निघालं तरी ती तेवढं देणार नाही.

'एक्सपी 100'ला मात्र इथेनॉलमुक्त पेट्रोल म्हणून नवं गिऱ्हाईक मिळालं. साधं पेट्रोल इथेनॉलशिवायही मिळावं, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. त्यानंतर जुन्या गाड्यांवर जीव असलेल्यांपुढे दुसरा पर्याय फारसा उरला नाही. मंत्रालयाचं म्हणणं असं, की जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील आणि ते स्वस्तात होतं. हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. 40 चं ॲव्हरेज देणारी मोटरसायकल 25 हजार किलोमीटरला 625 लिटर पिते. लिटरला 55 रुपये जादा धरले, तर सुमारे 34 हजार. एवढ्यात गॅरेजवाला नळ्या, वॉशर आणि वर अख्खा कार्बोरेटर नवा बसवून देईल, तरी पैसे उरतील. रोज चालणाऱ्या गाडीला हे पेट्रोल घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी निघणारी आणि एरवी टाकीत पेट्रोल घेऊन उभी राहणारी जुनी येझदी किंवा बुलेट असेल, तर गोष्ट निराळी. इथेनॉल ओलावा धरतं, आणि उभ्या गाडीच्या टाकीला तोच गंज चढवतो. अशा गाडीला वर्षाला पेट्रोल लागतं ते किती, तीस-चाळीस लिटर. तिथे वरचे दोन हजार रुपये खुशाल द्यावेत.