नसबंदी व पुरुषत्व

२००८ साली आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारी, शिवपुरी जिल्ह्यात, प्रशासनाने एक अजब योजना काढली होती. जो पुरुष नसबंदी करून घेईल त्याला बंदुकीचा परवाना देताना प्राधान्य! या मुलखात बंदूक ही मर्दानगीची खूण. नसबंदीने मर्दानगी जाते अशी भीती. तेव्हा भरपाई बंदुकीने. पण मुळात या भीतीत तथ्य किती, हे मला तपासून पाहावेसे वाटले.

वृषणात दोन कामे चालतात : शुक्रजंतू तयार करणे व पुरुषी संप्रेरक तयार करणे. संप्रेरक थेट रक्तात मिसळते. शुक्रजंतू मात्र शुक्रवाहिनी नावाच्या बारीक नळीतून पुढे जातात. नसबंदीत फक्त ही नळी दोन्ही बाजूंना कापून बंद करतात. त्यामुळे आवाज, दाढी, कामेच्छा, ताकद यांत फरक पडत नाही. वीर्याचा बहुतेक भाग पुढच्या ग्रंथींतून येतो. म्हणून तेही जवळजवळ पूर्वीइतकेच राहते. शुक्रजंतू तयार होतच राहतात, पण वाट बंद असल्याने शरीरातच शोषले जातात.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पहिली, त्याच दिवसापासून निर्धास्त होता येत नाही. पुढच्या भागात उरलेले शुक्रजंतू निघून जाण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोवर दुसरे साधन वापरावे व वीर्यतपासणीने खात्री करून घ्यावी. दुसरी, नळी पुन्हा जोडता येते, पण यशाची हमी नाही. साठलेल्या शुक्रजंतूंच्या दाबाने मागची सूक्ष्म नलिका कधीकधी फुटून बंद होते. शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिद्रव्येही तयार होतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, तीन वर्षांच्या आत नळी जोडून घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांच्या पत्नींना गर्भ राहिला; पंधरा वर्षांनंतर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. म्हणून नसबंदी कायमची समजूनच करावी.

भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ साली, देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या, आणि कित्येक सक्तीच्या. लोकांचा रोष रास्तच होता. परंतु त्यानंतर सारा भार स्त्रियांवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. वस्तुतः स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावे लागते. पुरुषाची तेवढीच जागा बधिर करून काही मिनिटांत उरकते.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमाखर्च मांडायला शिकतो. या वहीत खर्चाची सारी बाजू एकीच्याच नावावर पडली आहे, आणि तीही एका खोट्या भीतीपायी. ती भीती बंदुकीने जाणार नाही. शरीराच्या साध्या ज्ञानाने जाईल.